ठोकळा कोण फिरवतं?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगचा पेपर दिलेल्या प्रत्येकाने एक वाक्य ऐकलेलं असतं: मुलींना इमॅजिनेशन जमत नाही. ह्या वाक्याला एकेकाळी संशोधनाचा आधारही मिळत होता.

१९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या. दोन्ही एकाच वस्तूच्या आहेत का, एवढंच सांगायचं. कोनातला फरक जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त. म्हणजे माणूस खरोखरच मनातल्या मनात ठोकळा फिरवून बघतो. १९७८मध्ये व्हँडेनबर्ग आणि क्यूज यांनी याची कागदी चाचणी बनवली. त्यात पुरुषांचे सरासरी गुण जास्त येत राहिले. मग ‘हे जन्मजातच’ म्हणायला कितीसा वेळ लागतो?

दरम्यान १९८४ उजाडलं. मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोवने टेट्रिस लिहिला, अमेरिकेत अटारीचा ‘मार्बल मॅडनेस’ आला. दहा वर्षांनी कावेरी सुब्रह्मण्यम आणि पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड यांनी पाचवीतल्या काही मुलामुलींना ‘मार्बल मॅडनेस’ खेळायला दिला, तर काहींना शब्दांचा गेम. सुरुवातीला मुलगे पुढे होते. पण गोटी घरंगळवणाऱ्यांचं अवकाशीय कौशल्य सुधारलं, आणि सगळ्यात जास्त फायदा आधी कच्च्या असलेल्यांना झाला. २००२मध्ये डी लिसी आणि वुल्फर्ड यांनी तिसरीतल्या मुलांवर असाच प्रयोग केला. अर्ध्या-अर्ध्या तासाची अकरा सत्रं. आकार फिरवायचा गेम खेळलेल्या गटात शेवटी मुलगे-मुली बरोबरीत आले.

म्हणून प्रश्न मिटला असं नाही. २०१३मध्ये अटल आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. सरावाने दोघंही साधारण सारखेच सुधारतात, त्यामुळे दरी आपोआप बुजतेच असं नाही. पण कौशल्य वाढतं, हे पक्कं झालं. मग ‘जमत नाही’ याचा अर्थ बराचसा ‘सराव मिळाला नाही’ असा होतो.

आणि सराव कोणाला मिळतो, हे घर ठरवतं. २०११चा एक अभ्यास आपल्याच ईशान्येतला आहे. पितृवंशीय कार्बी समाजात पुरुषांनी कोडं बायकांपेक्षा लवकर सोडवलं. शेजारच्या मातृवंशीय खासी समाजात हा फरक दिसला नाही.

तेव्हा घरातला गेमिंगचा फोन आधी कोणाच्या हातात जातो, ते एकदा बघा. ड्रॉइंगच्या पेपरची तयारी तिथून सुरू होते.