गाडीच्या काचेवरचे दहिवर

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत एक बातमी हमखास वाचायला मिळते. निफाडचा पारा घसरला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात हंगामातील नीचांकी तापमानाची नोंद झाली, द्राक्षबागायतदार धास्तावले. डिसेंबर २०१८च्या अखेरीस तिथे पारा दोन अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला होता आणि द्राक्षवेलींच्या पानांवर दवबिंदू गोठले होते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी तर हे अधूनमधून घडतेच. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांचे टप आणि समोरच्या काचा पहाटे पांढऱ्या झालेल्या असतात.

अशा वेळी वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, ‘‘सर, पाणी शून्य अंशाला गोठतं ना? मग तापमान दोन-तीन अंश असताना बर्फ कसा झाला?’’ प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि त्या शोधाचा एक धागा आपल्याच देशातून गेलेला आहे.

सर रॉबर्ट बार्कर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतला अधिकारी. अलाहाबादेस असताना त्याने एक अजब उद्योग पाहिला आणि १७७५मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापले. मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे. त्यांत उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे वीतभर जाडीची अंथरायची. त्यावर मातीची, झिलई न दिलेली पसरट परळे ओळीने मांडायची आणि संध्याकाळी त्यांत उकळून निववलेले पाणी ओतायचे. सूर्योदयापूर्वी मजूर येत, परळांतला बर्फ काढून टोपल्यांत भरत. बार्करने नोंदवले आहे की, त्या भागात नैसर्गिक बर्फ त्याला कधी दिसला नाही. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही ही माणसे बर्फ पिकवत होती! त्यांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत, याची हळहळ वाटते. कारण कोणती रात्र ‘बर्फाची’ आणि कोणती नाही, हे त्यांना नेमके कळत असे. आभाळ निरभ्र हवे, वारा पडलेला हवा आणि खालची चिपाडे कोरडी हवीत.

बर्फ का होतो, यावर युरोपात वाद झाला. अनेकांना वाटे की, हे बाष्पीभवनाचे काम आहे. माठातले पाणी गार होते तसेच. हे मत खोडून काढले ते विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टराने. तो रुग्णालयातले काम सांभाळून रात्री-अपरात्री बागेत दव मोजत बसे. दहा ग्रेन वजनाचे लोकरीचे पुंजके घ्यायचे, काही फळीच्या वर आणि काही फळीच्या खाली बांधायचे आणि सकाळी त्यांचे वजन करायचे. आभाळ दिसत असलेला पुंजका खूप अधिक भिजलेला असे. दव पावसासारखे वरून पडत असते, तर फळीच्या खालचा पुंजका कोरडाच राहायला हवा होता. तोही थोडा भिजे. शिवाय निरभ्र रात्री गवताचे तापमान वरच्या हवेहून कितीतरी कमी असल्याचे त्याने तापमापकाने दाखवले. गवतावर सहा इंच उंचीवर चार काठ्यांना एक पातळ रुमाल ताणून बांधला, तर त्याखालचे गवत तेवढे गार होत नसे.

वेल्सने १८१४मध्ये दवावरचा निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक वस्तू उष्णता प्रारणाने बाहेर टाकत असते. ढगाळ रात्री ढग त्यातली बरीच परत पाठवतात. निरभ्र रात्री येणे कमी आणि जाणे जास्त, त्यामुळे वस्तू सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. मग तिला चिकटलेल्या हवेतली वाफ तिच्यावर जमते. आणखी थंडी पडली की गोठते. हिंदुस्थानातल्या बर्फाचा मामलाही तोच, असे त्याने दाखवून दिले. बाष्पीभवनाने बर्फ होत असता, तर वाऱ्याच्या रात्री जास्त व्हायला हवा होता. प्रत्यक्षात वारा सुटला की बर्फ होतच नसे. पूर्वी वेल्स स्वतः माळ्यांना हसत असे. नुसत्या चटईने रोपाला कसली ऊब मिळणार? निबंधात त्याने हे मोकळेपणाने सांगितले आहे.

आता निफाडचे कोडे सुटते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. तो हवेचे तापमान सांगतो. वेलीचे पान आणि गाडीचा टप मात्र उघड्या आभाळाकडे तोंड करून असतात. वाऱ्याविना निरभ्र रात्री ते हवेपेक्षा चार-पाच अंशांनी सहज खाली जातात. गाडीची समोरची काच तिरपी असते, ती आभाळाचा मोठा भाग ‘पाहते’. बाजूच्या उभ्या काचांसमोर भिंती आणि झाडे असतात. म्हणून दहिवर आधी समोर धरते, आणि झाडाखाली लावलेली गाडी बहुधा वाचते.

पहिल्या मोटारींना समोर काचच नसे, त्यामुळे प्रश्नही नव्हता. काच आली आणि चालक आंधळा झाला. अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी न्यूयॉर्कच्या ट्रामचा चालक काचेवरच्या हिमामुळे हैराण झालेला पाहिला आणि आतून दांडीने फिरवायच्या रबरी पट्टीचे पेटंट १९०३मध्ये मिळवले. त्यांना त्यातून पैसा मात्र मिळाला नाही. पट्टी भुरभुरीत हिम ढकलते. काचेला घट्ट बसलेल्या बर्फापुढे ती हतबल असते. लोकांनी मग मिठाचे पाणी, स्पिरिट, ग्लिसरीन वगैरे लावून पाहिले. काचेवर कापलेला कांदा किंवा बटाटा चोळा, हा घरगुती सल्ला तर अजून चालतो. लासलगावकरांना आवडेल, पण त्याचा फारसा भरवसा धरू नये. उकळते पाणी ओतणे तर घातकच, कारण काचेचा एक भाग एकदम प्रसरण पावतो, शेजारचा तसाच राहतो आणि तडा जातो.

खरी मदत रसायनशास्त्राने केली. अल्कोहोल पाण्यात मिसळले की गोठणबिंदू खाली जातो. इथिलीन ग्लायकॉलचे वर्तन तर गमतीचे आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे तेरा अंशांच्या सुमारास गोठते, पाणी शून्याला. पण साठ भाग ग्लायकॉल आणि चाळीस भाग पाणी यांचे मिश्रण उणे पंचेचाळीसलाही द्रवच राहते. दोन्ही प्रकारचे रेणू एकमेकांना स्फटिकाच्या रांगेत नीट उभे राहू देत नाहीत. १९३०च्या दशकात इंजिनाची उष्णता काचेकडे वळवणारे झोत आले आणि थंड देशांतल्या चालकांची पुष्कळशी सुटका झाली.

निफाड तालुक्यातच ओझर आहे. तिथल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ विमाने तयार झाली. दहा किलोमीटर उंचीवर तापमान उणे पन्नासच्या जवळ असते. अशा विमानाच्या समोरच्या काचेवर अल्कोहोल फवारण्याची सोय केलेली असे.

द्राक्षाच्या घडावर अल्कोहोल कोण फवारणार? ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डिसेंबर-जानेवारीत मणी फुगत असतात. कडाक्याच्या थंडीत त्यांची वाढ थांबते, पाणी उतरलेले मणी तडकतात, वर्षभराचे कर्ज आणि कष्ट एका पहाटेत पणाला लागतात. बागायतदार पहाटे विहिरीचे पाणी ठिबकने सोडतात आणि बांधांवर शेकोट्या पेटवतात. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, शिवाय ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठवते. धूर पांघरुणासारखा उपयोगी पडतो अशी समजूत आहे, पण जमिनीकडून निघणारे अवरक्त प्रारण धुराचे कण फारसे अडवत नाहीत. काम होते ते आगीच्या उष्णतेने आणि तिच्यामुळे हवेत होणाऱ्या हालचालीने. अशा रात्री थंड हवा जमिनीलगत साचते आणि काही मीटर वर तुलनेने उबदार थर असतो. एक मोठी आगटी पेटवली, तर तापलेली हवा तो थर भेदून सरळ वर निघून जाते. त्याऐवजी बागेत ठिकठिकाणी लहान शेकोट्या ठेवल्या, तर ऊब वेलींच्या मंडपाच्या उंचीवरच घोटाळत राहते.