अमेरिकेतल्या शाळेत सात वर्षं झाली, तरी ‘इंग्रजी शिकणारा’च! काय आहे हा प्रकार? वाचा सविस्तर

पोरगं अमेरिकेतच जन्मलेलं. बालवाडीपासून तिथल्याच सरकारी शाळेत. मैदानावर मित्रांशी फाडफाड इंग्रजी बोलतं, कार्टून इंग्रजीत बघतं, भांडतंही इंग्रजीत. आणि सातवीत गेलं तरी शाळेच्या नोंदीत त्याच्या नावापुढे ‘इंग्रजी शिकणारा विद्यार्थी’ असंच लिहिलेलं. कॅलिफोर्निया राज्यात अशी मुलं हजारोंनी आहेत. त्यांना ‘लाँग टर्म इंग्लिश लर्नर’ म्हणतात, म्हणजे वर्षानुवर्षं इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीतच अडकून पडलेली मुलं.

गावातल्या कुणाचा पुतण्या, कुणाची भाची तिकडे नोकरीला असते, लेकरं तिथल्या शाळेत असतात. त्यांना हे माहीत असावं म्हणून ही माहिती. आणि दुसरं कारण असं की बोलता येणारं मूल वाचताना का अडतं, हा प्रश्न आपल्या शाळांतही आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

शिक्का लागतो कसा?

कॅलिफोर्नियात मुलाचं नाव शाळेत घालताना पालकांना घरच्या भाषेचा एक फॉर्म भरावा लागतो. त्यात चार प्रश्न असतात. मूल बोलायला लागलं तेव्हा कोणती भाषा शिकलं? घरी जास्त करून कोणती बोलतं? आईवडील त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात? आणि घरातली मोठी माणसं, आजी-आजोबा धरून, कोणती भाषा बोलतात? पहिल्या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर इंग्रजी सोडून दुसरं असलं, की मुलाची इंग्रजीची परीक्षा होते. तिचं नाव ‘एल्पॅक’. शाळेत आल्यापासून तीस दिवसांत ती घ्यावी लागते. त्यात मूल कमी पडलं तर ते इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत जातं, आणि यादीतून बाहेर पडेपर्यंत दरवर्षी फेब्रुवारी ते मे या काळात पुन्हा परीक्षा देतं.

काही पालक भीतीपोटी फॉर्मवर सगळीकडे ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. मुलाला वेगळं बसवतील, मागे पाडतील, ही ती भीती. पण तसं लिहिलं की परीक्षा होत नाही, आणि मुलाला खरंच मदतीची गरज असेल तर तीही मिळत नाही. यादीत नाव येणं ही शिक्षा नाही, तो मदतीचा हक्क आहे. अडचण आहे ती यादीतून वेळेत बाहेर न पडण्याची.

बाहेर पडायला चार गोष्टी बघतात. एल्पॅकमध्ये एकूण चौथी, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, शिक्षकांचं मत, पालकांशी चर्चा, आणि त्याच वयाच्या इंग्रजी भाषक मुलांच्या तुलनेत वाचन-लेखनाची मूलभूत कौशल्यं. यातली पालकांशी चर्चा ही नुसती सही घेण्यापुरती नसते. आईवडिलांचं मत विचारात घ्यायचं, असं कायदाच सांगतो.

हा हक्क आला कुठून?

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश किंवा मूळ देश बघून भेदभाव करायला बंदी घातली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी घरांतली सुमारे १,८०० मुलं अशी निघाली, ज्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि शाळा त्यासाठी काहीच मदत देत नव्हती. पालक कोर्टात गेले. ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये निकाल दिला. तेच पुस्तक, तोच फळा, तोच मास्तर दिला म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, कारण ज्याला भाषाच कळत नाही त्याच्या पदरात शिक्षण पडत नाही, हा त्या निकालाचा गाभा. त्याच वर्षी संसदेने समान शिक्षणसंधीचा कायदाही केला. मग १९८१ मध्ये टेक्सासमधल्या ‘कास्तान्येदा विरुद्ध पिकार्ड’ खटल्यात कसोटी ठरली: कार्यक्रम शास्त्रशुद्ध हवा, त्याला पैसा आणि माणसं हवीत, आणि काही काळाने त्याचा उपयोग झाला का हे तपासायला हवं.

ही तिसरी अटच बरीच वर्षं कागदावर राहिली. मुलं यादीत जात होती, पण बाहेर किती पडतात हे मोजायचं कुणी मनावर घेत नव्हतं. २०१० मध्ये अभ्यासक लॉरी ओल्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या ४० शाळा-जिल्ह्यांची पाहणी प्रसिद्ध केली. (तिकडे शाळांचे स्वतःचे वेगळे जिल्हे असतात, महसूल जिल्हा वेगळा.) वरच्या वर्गांतल्या इंग्रजी शिकणाऱ्या मुलांपैकी ५९ टक्के मुलं अशी दीर्घकाळ अडकलेली निघाली. म्हणजे ‘इंग्रजी शिकणारा’ म्हटलं की कालपरवा विमानातून उतरलेलं मूल डोळ्यांसमोर येतं, तो समज साफ चुकला. बहुतेक मुलं तिथलीच, लहानपणापासून त्याच शाळांत शिकलेली.

त्यानंतर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून या मुलांची व्याख्या ठरवली. आता राज्याच्या शाळा-प्रगती पुस्तकात सात वर्षांत बाहेर न पडलेल्या मुलांचा गट २०२४ पासून स्वतंत्र दाखवतात. हा साधा बदल मोठा आहे. आधी ही मुलं सगळ्यांच्या सरासरीत दडून जायची. आता शाळेला त्यांचा आकडा लपवता येत नाही.

मूल अडकतं का?

कॅनडातले भाषा अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच एक फरक सांगून ठेवला आहे. बोलाचालीची भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. पण पुस्तकाची, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि तीही कुणी नीट शिकवली तर.

आपल्या बोलीत सांगायचं तर अहिराणी नाहीतर वऱ्हाडी घरातलं पोर मराठी झकास बोलतं. पण विज्ञानाच्या पुस्तकात ‘बाष्पीभवनाचा वेग पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो’ असं वाक्य आलं की थबकतं. ओलं धोतर पसरून टाकलं की लवकर वाळतं, हे त्याला माहीत असतं. अडतं ते पुस्तकाच्या वाक्यापाशी. अमेरिकेतल्या त्या पोरांचं हेच होतं. ‘त्यामुळे’, ‘याउलट’, ‘च्या तुलनेत’ असे जोडशब्द, लांबलचक वाक्यं, गणितातली शाब्दिक उदाहरणं इथे गाडी रुतते.

मग ती ओळखू का येत नाहीत? कारण ती गप्प असतात. खोड्या काढत नाहीत, वही पूर्ण करतात (शेजाऱ्याची बघून का होईना), पास होण्यापुरते मार्क आणतात. आणि बोलतात छान, म्हणून शिक्षकाला वाटतं इंग्रजी येतंच की. चौथीपर्यंत पुस्तकं सोपी असतात, तोवर निभावतं. पाचवी-सहावीपासून प्रत्येक विषयच वाचून शिकायचा असतो, तिथे मूल मागे पडायला लागतं.

आणखी एक कारण म्हणजे धरसोड. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये जनमताने द्विभाषिक शिक्षणावर जवळपास बंदी आली, ती २०१६ मध्ये पुन्हा जनमतानेच उठली. मधल्या काळात शिकलेल्या बऱ्याच मुलांना ना घरची भाषा लिहिता-वाचता आली, ना इंग्रजी पक्कं झालं. राज्यातल्या या यादीत दहा लाखांवर मुलं आहेत, त्यातली साधारण ८० टक्के स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली. सॅलिनासच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांत, सेंट्रल व्हॅलीच्या बागांत राबणाऱ्या मजुरांची मुलं त्यांत आहेत. हंगामाबरोबर बिऱ्हाड हलतं आणि शाळा बदलते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

नुकसान किती होतं तेही बघा. वरच्या वर्गात अशा मुलाला जादा इंग्रजीचा तास लावतात आणि त्यापायी चित्रकला, संगीत, संगणक असा आवडीचा विषय सुटतो. कधीकधी विद्यापीठ प्रवेशाला लागणारे विषयच वेळापत्रकात बसत नाहीत. मूल बारावी होतं, पण कॉलेजचं दार बंद.

ओळखायचं कसं, मदत काय करायची?

पहिली गोष्ट म्हणजे वर्षं मोजणं. चौथं-पाचवं वर्ष लागलं आणि एल्पॅकची पातळी हलत नाही, तर मूल अडकायच्या वाटेवर आहे. सात वर्षं होण्याची वाट बघायचीच कशाला? दुसरी गोष्ट, एकूण पातळीवर न थांबता ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही भागांचे गुण वेगळे बघायचे. बोलण्यात वर आणि वाचन-लेखनात खाली, हा या मुलांचा ओळखीचा नमुना आहे. काही शाळांत एक शिक्षक दिवसभर एका मुलाच्या मागे राहून दर पाच मिनिटांनी नोंद करतो: आत्ता हे मूल बोलतंय, ऐकतंय, की नुसतं बसलंय? अशी नोंद हातात आली की शिक्षकांनाच धक्का बसतो, कारण दिवसभरात मूल अभ्यासाबद्दल जेमतेम दोन-चार वाक्यं बोललेलं असतं.

मदतीचं म्हणाल तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे या मुलांना नव्याने आलेल्या मुलांच्या वर्गात बसवणं. ज्याला इंग्रजी बोलता येतं त्याला पुन्हा ‘हे टेबल, ही खुर्ची’ शिकवलं तर तो कंटाळणारच. त्यांना लागतो तो वेगळा तास: मोठी वाक्यं फोडून बघायची, जोडीने चर्चा करायची, मत मांडून त्याला कारण द्यायचं आणि मग तेच लिहायचं. शिवाय विज्ञान, गणित, इतिहासाच्या शिक्षकांनीही आपापल्या विषयाची भाषा शिकवायची. भाषा फक्त इंग्रजीच्या बाईंचं काम नाही. लॉस एंजेलिसच्या शाळा-जिल्ह्याने २०११ मध्ये केंद्राच्या नागरी हक्क कार्यालयाशी करार केला, आणि त्यानंतर आखलेल्या आराखड्यात अशा मुलांसाठी खास तास ठेवले.

एक सावधगिरी. मूल वाचनात मागे आहे म्हणून घाईने ‘अध्ययन अक्षम’ ठरवायचं नाही, आणि खरी अक्षमता असेल तर ‘भाषेमुळे असेल’ म्हणून वर्षं घालवायची नाहीत. तपासणी मुलाच्या भाषेत करण्याची तरतूद तिथल्या कायद्यात आहे.

तिकडे असलेल्या नातेवाइकांना हे जरूर सांगा

मराठी बोलणं बंद करू नका. घरी मराठी बोलल्याने इंग्रजी बिघडतं हा गैरसमज आहे. आजीची गोष्ट मराठीत ऐकून ती पुन्हा सांगणारं मूल क्रम, कारण, परिणाम शिकतं, आणि तेच पुढे इंग्रजी निबंधात कामाला येतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा तिथे चालतात, त्यात लिहायला-वाचायलाही शिकवतात. बारावीला दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्या मुलांच्या प्रमाणपत्रावर कॅलिफोर्निया खास मोहोरही देतं.

शाळेने एल्पॅकचा निकाल आणि मूल दीर्घकालीन गटात आहे की नाही, हे पालकांना कळवायलाच हवं. पत्र इंग्रजीत आलं आणि कळलं नाही तर दुभाषा मागा. जिथे २१ किंवा जास्त मुलं यादीत असतात, त्या शाळेला पालकांची समिती नेमावी लागते. तिच्या बैठकीला जा. पालकांना खास तास नाकारता येतो, दरवर्षीची परीक्षा मात्र टळत नाही.

आणि आपल्याकडे?

मेळघाटातलं कोरकू, नंदुरबारचं पावरी, गडचिरोलीचं गोंडी बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा मराठीच त्याच्यासाठी परकी असते. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजीही आहे, आणि आता गावोगाव सेमी इंग्रजी. तिसरीतलं पोर धडा खडाखडा वाचतं, बाप खूश. एकदा पुस्तक मिटून विचारा, ‘काय वाचलंस ते तुझ्या शब्दांत सांग.’ घरच्या बोलीत सांगितलं तरी चालेल. सांगता आलं तर समजलंय. बोलीतही सांगता आलं नाही तर मास्तरांशी बोला, आणि ते चौथी संपायच्या आत बोला.

अमेरिकेत मात्र मूल यादीतून बाहेर पडलं तरी शाळा त्याला लगेच सोडत नाही. पुढची चार वर्षं त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावं लागतं. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा झाली, तेव्हा बरेच पालक घाबरले होते. पण १९६४ आणि १९७४ चे कायदे संसदेने केलेले आहेत, ते अशा आदेशाने रद्द होत नाहीत.