खाणीतले बुटके आले कुठून? एका चुकलेल्या वाक्याची गोष्ट

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी संशोधन आराखड्यात मी एक वाक्य अगदी बिनधास्त लिहिलं होतं : 'नॉर्स मिथकांपासून टोल्कीनपर्यंत ड्वार्फ हे खाणकामगार म्हणूनच दिसतात.' गाईडनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि शेजारी एकच शब्द लिहिला, 'कुठे?' मला वाटलं, तळटीप राहिलीये, तेवढी टाकली की झालं. ती तळटीप शोधायला बसले आणि दोन महिने गेले, कारण तो संदर्भ अस्तित्वातच नव्हता.

त्या दोन महिन्यांत काय हाती लागलं ते आज सांगते. विषय कल्पित जगाचा आहे, पण पद्धत कुठल्याही इतिहासाला लागू पडते.

आधी टोल्कीनचं चित्र बघू. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) मधलं खझाद-दूम, म्हणजे मोरिया, हे डोंगराच्या पोटातलं अख्खं राज्य आहे. दगडात कोरलेली दालनं, खांबांच्या रांगा, उजेड आत यावा म्हणून डोंगरातून काढलेले झरोके. हे लोक शेतीच्या फंदात फारसे पडत नाहीत, धातूच्या वस्तू देऊन बाहेरच्यांकडून धान्य घेतात. त्यांच्यात बायकांचं प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी आहे. भाषा परक्यांना शिकवायची नाही आणि स्वतःचं खरं नाव थडग्यावरसुद्धा कोरायचं नाही, असा दंडक आहे. मिथ्रिल या धातूच्या ओढीनं ते खोल खोल खणत जातात, खाली दडलेला बालरॉग जागा होतो, राजा सहावा ड्युरिन मारला जातो आणि राज्य ओस पडतं.

हे वाचताना वाटतं, ही सगळी एकाच मुशीतून निघालेली संस्कृती असणार. मीही तेच धरून चालले होते. प्रत्यक्षात इथे निदान तीन थर आहेत आणि तिन्हींची वयं वेगळी आहेत.

पहिला थर नावांचा. आइसलँडमध्ये साधारण १२७० च्या सुमारास लिहिलेल्या 'कोडेक्स रेगियस' या हस्तलिखितात 'व्होलुस्पा' नावाचं काव्य आहे आणि त्यात ड्वार्फांच्या नावांची लांबच लांब यादी येते. ड्युरिन, थोरिन, ड्वालिन, फिली, किली ही सगळी नावं टोल्कीननं तिथूनच उचलली. गंमत म्हणजे गँडाल्फ हे नावही त्याच यादीतलं, पण टोल्कीननं ते दिलं जादूगाराला. उलट 'द हॉबिट' (१९३७) मधला बालिन मात्र त्या यादीत नाही. म्हणजे 'नावं यादीतून घेतली' हे सरसकट विधानसुद्धा तपासूनच करायचं.

आता माझ्या वाक्याकडे येऊ. हे नॉर्स ड्वार्फ करतात काय? स्नोरी स्टुर्लुसननं १२२० च्या आसपास लिहिलेल्या 'एड्डा'मध्ये ते जमिनीत आणि खडकांत राहतात. थॉरचा हातोडा, ओडिनचा भाला, दर नवव्या रात्री आठ नव्या अंगठ्या गाळणारी अंगठी, हे सगळं त्यांच्या भट्टीत घडतं. भाता आहे, ऐरण आहे. पण कुदळ घेऊन खाणीत उतरलेला एकही ड्वार्फ मला तिथे सापडला नाही. ते लोहार आहेत, सोनार आहेत, खाणकामगार नाहीत. ते उंचीनं बुटके आहेत यावरही त्या काव्यांचा भर नाही.

असं का असावं? एक कारण साधं आहे. त्या काळी स्कँडिनेव्हियात लोखंड मुख्यतः दलदलीत साचणाऱ्या खनिजापासून काढत. ते जवळजवळ वरच मिळतं, खोल बोगदे लागत नाहीत. ज्या समाजानं खोल खाण फारशी पाहिलेली नाही, त्याच्या कथेत ती कुठून येणार? हे माझं अनुमान आहे, पुरावा नाही. पण निदान कुठल्या दिशेनं शोधायचं ते त्यातून कळतं.

दुसरा थर कामाचा. तो सापडतो आजच्या जर्मनी आणि चेकियाच्या सीमेवरच्या धातूच्या डोंगररांगांत. १५१६ मध्ये योआखिमस्टाल इथे चांदी लागली आणि बघता बघता गाव फुगलं. तिथल्या चांदीच्या नाण्याला 'थालर' म्हणत. 'डॉलर' हा शब्द त्याचाच वंशज. १५२७ मध्ये तिथे गावचा वैद्य म्हणून जॉर्ज अॅग्रिकोला आला. खाणकामावरचा त्याचा मोठा ग्रंथ 'दे रे मेटालिका' त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ मध्ये छापला गेला. त्याआधी १५४९ मध्ये त्यानं जमिनीखालच्या जिवांवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं, आणि त्याच्या शेवटी खाणीतली भुतं येतात.

तो दोन प्रकार सांगतो. एक दुष्ट, दुसरा निरुपद्रवी. हे दुसरे म्हातारे दिसतात, जेमतेम दोन-सव्वादोन फूट उंच असतात आणि खाणकामगारांसारखेच कपडे घालतात. दिवसभर खणताहेत, भरताहेत असं भासवतात, प्रत्यक्षात काहीच करत नाहीत. कधीमधी खडे मारतात, एवढंच. हा तो आपल्या ओळखीचा बुटका! 'हिमगौरी आणि सात बुटके' या गोष्टीच्या ग्रिम बंधूंच्या रूढ पाठात डोंगरात धातू खणणारे सात जण याच मुलखाच्या परंपरेतले दिसतात. डिस्नेचा चित्रपटही १९३७ मध्येच झळकला आणि ती प्रतिमा जगभर पक्की झाली.

या थराच्या खुणा रसायनशास्त्रातही राहिल्यात. 'कोबाल्ट' हे नाव 'कोबोल्ड' या खाणीतल्या भुतावरून पडलं. चांदीसारखं दिसणारं पण चांदी न देणारं, वर आर्सेनिकमुळे विषारी असलेलं खनिज म्हणजे भुताचीच करणी. 'निकेल'चीही गोष्ट तशीच : तांब्याचा आभास देऊन फसवणाऱ्या खनिजातून क्रोन्स्टेटनं १७५१ मध्ये हा धातू वेगळा केला आणि खोडकर भुताचं नाव त्याला चिकटलं ते कायमचं.

तिसरा थर भाषेचा. टोल्कीननं ड्वार्फांच्या भाषेची घडण सेमिटिक भाषांसारखी केली, म्हणजे तीन व्यंजनांचा धातू आणि त्याभोवती बदलणारे स्वर. घर गमावलेले, जिथे राहतील तिथली भाषा बोलणारे पण आपसात स्वतःची भाषा जपणारे लोक, म्हणून ड्वार्फ पाहताना ज्यूंची आठवण होते, असं त्यानं स्वतः नंतर सांगितलं. नॉर्स कथेतही नाही आणि सॅक्सनीच्या खाणीतही नाही, असा हा थर आहे.

तर 'प्राचीन काळापासून' असं आपण लिहितो तेव्हा बऱ्याचदा नव्या थराचा रंग जुन्यावर फासत असतो. माझं नेमकं तेच झालं होतं.

दुसरी चूक जास्त मोहात पाडणारी होती. दुष्ट भुताचं उदाहरण म्हणून अॅग्रिकोला आनाबेर्गच्या 'रोझक्रान्झ' खाणीचा उल्लेख करतो. तिथे घोड्याच्या रूपातल्या भुतानं नुसत्या श्वासानं बाराहून जास्त कामगार मारले. मी लगेच समासात लिहिलं, 'भूत = विषारी वायू.' किती छान सुटलं कोडं!

पण 'दे रे मेटालिका'च्या सहाव्या भागात खाण सोडून देण्याच्या कारणांची यादी आहे. तीत दूषित हवा हे एक कारण आहे, विष हे वेगळं कारण आहे आणि भुतं हे आणखी वेगळं. हवा खेळती ठेवायच्या यंत्रांवर तर त्यानं पानंच्या पानं लिहिलीत. म्हणजे वायू माहीत नसल्यामुळे तो भूत म्हणत होता, असं नाही. आनाबेर्गला बहुधा हवेनंच माणसं मेली असतील, असं मी आजही म्हणेन. पण ते माझं वाक्य झालं, त्याचं नव्हे. दोन्ही वाक्यं वेगळी ठेवायची, हे मी तिथे शिकले.

आणि मग लक्षात आलं की आपण भुताच्या नादात त्या बारा जणांना विसरलोच. खाणीचं नाव कागदावर आलं, भुताचं रूप आलं. मेलेल्यांपैकी एकाचंही नाव तिथे नाही. कार्पेथियन भागातल्या खाणींबद्दल अॅग्रिकोला लिहितो की तिथे सात-सात नवरे गमावलेल्या बायका आढळतात, सगळे फुप्फुसाच्या रोगानं गेलेले. त्या बायकांचीही नावं नाहीत. बुटक्यांच्या गोष्टी गोड वाटतात, पण त्या ज्या अंधारात जन्मल्या तिथे खरी माणसं खोकत होती. माझ्या प्रबंधाचा विषय त्या दिवसापासून थोडा सरकला.

'आपल्याकडे कुबेर आणि यक्ष आहेतच की, त्यांचा संबंध नाही का?' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. जमिनीतलं धन राखणारे, म्हणून साम्य आहेच. पण साम्य म्हणजे संबंध नव्हे. कथा कोणी, कुठल्या वाटेनं नेली ते दाखवता आलं तर संबंध. नाहीतर तुलना म्हणा आणि तुलनेसारखीच मांडा.

शेवटी पुन्हा मोरिया. गँडाल्फला तिथे जळकं, फाटकं 'माझारबुलचं पुस्तक' सापडतं. बालिननं पुन्हा वसवलेली वसाहत पाचेक वर्षांत कशी संपली, ते त्यात निरनिराळ्या हस्ताक्षरांत लिहिलेलं आहे. टोल्कीननं त्याची तीन पानं स्वतः हातानं बनवली, पाइपनं कडा जाळल्या, शिवणीची भोकं पाडली. छपाईचा खर्च परवडेना म्हणून पहिल्या आवृत्तीत ती आलीच नाहीत. पण गँडाल्फचं वाचन नीट बघा. जे अक्षर लागतं ते वाचतो, अंदाज असेल तिथे अंदाज म्हणून सांगतो, लागत नाही तिथे पान उलटतो. गाळलेल्या जागा मनानं भरत नाही.

आराखड्यातलं ते वाक्य आता असं आहे : 'सोळाव्या शतकातल्या सॅक्सन खाणींच्या लिखाणात खाणकामगाराच्या वेशातला बुटका स्पष्ट दिसतो, नॉर्स काव्यांत तो मला आढळलेला नाही.' जुन्या वाक्याइतकं ते रुबाबदार नाही. पण कोणी 'कुठे?' असं विचारलं, तर पान उघडून दाखवता येतं.