वारसा रक्ताचा कीं चुलीचा?

एकाच घरांतील बापाला, मुलाला व पुतण्याला तोच दुर्धर रोग झाला, म्हणजे लोक त्याला कुळाचा भोग म्हणतात. वैद्यकशास्त्राला मात्र तेवढ्यावर थांबून चालत नाहीं. बापाकडून मुलाला रक्त मिळतें, तसेंच घर मिळतें व ताटांतील आवडीनिवडीहि मिळतात. मग रोग यांपैकीं कोणत्या वाटेनें आला? दक्षिण चीनमधील घशाच्या एका कर्करोगानें हा प्रश्न विसाव्या शतकांत शास्त्रज्ञांपुढें उभा केला.

नाकाची पोकळी जेथें घशाला मिळते, त्या आडजागेंत हा रोग उद्भवतो. तेथें तो सहजीं दिसत नाहीं. मानेंत न दुखणारी गांठ येते किंवा कानाला दडे बसतात, तेव्हां रोगी वैद्याकडे जातो. जगांत बहुतेक ठिकाणीं वर्षाकाठीं लाखांत एकालाहि तो होत नाहीं. हाँगकाँगच्या पुरुषांत मात्र १९७० च्या सुमारास हें प्रमाण लाखांत २० हून अधिक होतें. शेजारच्या क्वांगतुंग प्रांतांतहि तो इतका आढळे, कीं 'क्वांगतुंगची गांठ' असेंच त्याला नांव पडलें.

रुग्णाच्या भावंडांत व मुलांत हा रोग इतरांहून अनेक पटींनीं अधिक आढळतो. तेव्हां दोष रक्ताचाच, असें वाटणें साहजिक होतें. परंतु कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांनीं या समजुतीला धक्का दिला. अमेरिकेंत जन्मलेल्या त्यांच्या संततींत रोग कमी झाला. तरीहि गोऱ्या शेजाऱ्यांहून तो अधिकच राहिला. कमी झाला, त्याअर्थीं रक्त एकटें दोषी नव्हे. उरला, त्याअर्थीं तें निर्दोषहि नव्हे.

हाँगकाँगचे डॉक्टर जॉन हो यांचें लक्ष स्वयंपाकघराकडे गेलें. होड्यांवर राहणाऱ्या कोळ्यांत रोग विशेष होता, आणि दूध सुटलेल्या तान्ह्यांना तेथें भाताबरोबर खारवलेली मासळी भरवीत. उन्हांत वाळतांना ती अर्धवट कुजे व तींत नायट्रोसअमाइन हीं घातक द्रव्यें तयार होत. १९८६ सालीं मिमी यू व त्यांचे सहकारी यांनीं बालपणींच्या या आहाराचा रोगाशीं निकट संबंध दाखविला. १९९३ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें चिनी पद्धतीची खारी मासळी कर्करोगकारक ठरविली. इतर खाऱ्या मासळीविषयीं मात्र तिला पुरेसा पुरावा मिळाला नाहीं.

तिसरा धागा एका विषाणूचा. एपस्टाइन, बार व अचाँग यांनीं १९६४ मध्यें तो आफ्रिकेंतील मुलांच्या एका अर्बुदांत शोधला. १९७० मध्यें या घशाच्या गांठींतहि त्याचें बीजद्रव्य सांपडलें. लाळेवाटे पसरणारा हा विषाणु जगांतील बहुतेक माणसांच्या शरीरांत असतो, पण रोग थोड्यांनाच होतो. १९७४ सालीं सिंगापूरच्या चिनी रुग्णांत पेशींवरील कांहीं आनुवंशिक खुणा अधिक आढळल्या. विषाणूशीं झुंजण्याची शरीराची शक्ति या खुणांवर अवलंबून असते. याप्रमाणें रक्त, आहार व विषाणु यांचा मेळ पडल्यावर रोग संभवतो, असें आज मानलें जातें.

या शोधाचें फळ घराण्यांच्या पदरीं पडलें. आहार बदलत गेला तसें हाँगकाँगमध्यें रोगाचें प्रमाण उतरलें. २०१७ मध्यें तेथील सुमारें २०,००० निरोगी पुरुषांच्या रक्तांत विषाणूचें बीजद्रव्य शोधण्यांत आलें, तेव्हां ३४ जणांत रोग सांपडला, आणि बहुतेकांत तो आरंभींच्या अवस्थेंत होता. त्या अवस्थेंत किरणोपचारानें बहुतेक रोगी बरे होतात. पूर्वीं अशा घरांतील पोरानें बापाची गांठ पाहून आपली वाट पाहावी. आतां त्याला वेळींच तपासून घेतां येतें.