ठोकळा सुटतो तो क्षण : घर्षणाच्या नियमांचा इतिहास

मंडळी, आज आपण एका अगदी साध्या प्रयोगाचा इतिहास पाहणार आहोत. एक फळी घ्यायची, तिच्यावर लाकडी ठोकळा ठेवायचा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचलत जायचं. बराच वेळ ठोकळा जागचा हलत नाही. मग एका ठरावीक कोनाला तो सुटतो. शाळेत आपण इथे बाण काढले: वजनाचा एक भाग ठोकळ्याला उतरणीवरून खाली ओढतो, दुसरा भाग त्याला फळीवर दाबतो, आणि घर्षण त्या ओढीला अडवून धरतं. हे बाण वहीत यायला अडीचशे वर्षं लागली.

सुरुवात लिओनार्दो दा विंचीपासून करू. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याने आपल्या वह्यांत तोच ठोकळा कधी आडवा, कधी उभा काढून दाखवला. कसाही ठेवा, घर्षण तेवढंच; आणि ते वजनाच्या साधारण चौथा हिस्सा, असं त्याने टिपून ठेवलं. पण या वह्या तेव्हा छापल्या गेल्या नाहीत. शोध लागला, पण तो वहीतच मिटून राहिला.

म्हणून १६९९ मध्ये गियोम आमोंतों यांना तेच पुन्हा शोधावं लागलं. तरुणपणीच त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. तांबं, लोखंड, शिसं आणि लाकूड डुकराच्या चरबीने माखून त्यांनी मोजमापं घेतली आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. घर्षण दाबाच्या तिसरा हिस्सा असतं, हे ठीक होतं. पण टेकलेल्या पृष्ठभागाच्या आकाराशी घर्षणाचा संबंध नाही, हे सभासदांना पटेना. मोठा पृष्ठभाग जास्त अडवणार, असं आपल्यालाही वाटतंच ना! मग ला इर या सभासदाने स्वतः प्रयोग करून पाहिले. आमोंतों बरोबर होते.

आता आपल्या उतरणीकडे येऊ. घर्षण दाबाच्या एक तृतीयांश असेल, तर ठोकळा सुमारे १८ अंशांना सुटेल. मग तो एक किलोचा असो वा दहा किलोचा. पण सुटल्यावर काय? हा प्रश्न लिओनार्ड ऑयलरने विचारला. त्याचं लेखन १७५० मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचा युक्तिवाद आपण आकड्यांत मांडून पाहू. स्थिर आणि सरकत्या ठोकळ्याचं घर्षण सारखंच असतं, तर सुटण्याच्या कोनाला तो जेमतेम रांगत निघाला असता. तसं होत नाही; तो झटकन धावतो. समजा, स्थिर ठोकळ्याचा घर्षणांक ०.४ आणि सरकत्याचा ०.३ आहे. मग ठोकळा सुमारे २२ अंशांना सुटतो आणि पहिल्याच सेकंदात जवळजवळ ४५ सेंटिमीटर जातो. म्हणजे सरकताना घर्षण कमी होतं. घड्याळ न लावता, नुसतं नीट बघून हे कळतं.

पुढचं काम शार्ल कुलों या लष्करी अभियंत्याचं. १७७९ मध्ये ते रोशफोरच्या जहाजगोदीत होते. नवं जहाज पाण्यात सोडायचं म्हणजे उतरणीवरचा अवाढव्य ठोकळाच! वेळेआधी निसटला तर माणसं चिरडणार, अडकला तर सगळी मेहनत वाया. तिथे मोठमोठी वजनं ओढून कुलोंनी दाखवलं, की लाकूड लाकडावर जितका जास्त वेळ टेकून राहील, तितकं त्याला हलवणं अवघड. १७८१ मध्ये अकादमीने या कामाला पारितोषिक दिलं.

आणि आमोंतोंचं कोडं? ते सुटायला विसावं शतक उजाडावं लागलं. केंब्रिजच्या बाऊडेन आणि टेबर यांनी दाखवलं, की दोन पृष्ठभाग खऱ्या अर्थाने थोड्याच उंचवट्यांवर टेकतात. दाब वाढला की ते उंचवटे दबतात आणि खरा स्पर्श वाढतो. ठोकळा आडवा ठेवा की उभा, वजन तेच, म्हणून खरा स्पर्शही जवळपास तेवढाच. सभासदांची शंका अगदीच चुकीची नव्हती; त्यांनी मोजलेलं क्षेत्रफळ चुकीचं होतं.

मंडळी, हा इतिहास नुसता जुना नाही. पावसात खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक जोरात दाबून चाकं लॉक झाली, की टायर फिरायचा थांबून घसरू लागतो आणि ऑयलरने पाहिलेलं ते कमी घर्षण आपल्या वाट्याला येतं. एबीएस हेच टाळण्यासाठी असतं. पकड सुटण्याआधी मिळते, सुटल्यावर ती उरत नाही. गाडी खालच्या गिअरमध्ये का ठेवायची, त्याचं उत्तर त्या फळीवरच्या ठोकळ्यापाशी आहे.