‘ओव्हर द गार्डन वॉल’मधील साहित्यिक संदर्भ

‘ओव्हर द गार्डन वॉल’ (अर्थ : बागेच्या भिंतीपलीकडे) ही पॅट्रिक मॅकहेल यांनी निर्माण केलेली अमेरिकन अ‍ॅनिमेशन लघुमालिका आहे. कार्टून नेटवर्क या वाहिनीवर ३ ते ७ नोव्हेंबर २०१४ या काळात, रोज दोन याप्रमाणे, तिचे दहा भाग प्रसारित झाले. प्रत्येक भाग सुमारे अकरा मिनिटांचा असून भागांना ‘अध्याय’ असे म्हटले आहे. २०१५ मध्ये या मालिकेला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशन कार्यक्रमाचा एमी पुरस्कार मिळाला.

मालिका मुलांसाठी असली तरी तिच्या कथेत दान्तेचे महाकाव्य, बायबल, जुनी इंग्रजी कथागीते, युरोपीय परीकथा आणि गॉथिक कादंबरी यांचे संदर्भ गुंफलेले आहेत. बहुतेक संदर्भ मूळ ग्रंथाचे नाव न घेता येतात. मृत्यू आणि निराशा हे विषय बालप्रेक्षकांपुढे थेट न बोलता मांडण्याचे काम हे संदर्भ करतात. या लेखात नावे व शीर्षके यांतून दिसणारे संदर्भ आणि कथानकाच्या साम्यावरून जाणवणारे संदर्भ वेगवेगळे दिले आहेत. पुढील मजकुरात कथेचा शेवट उघड केला आहे.

कथानक

वर्ट हा किशोरवयीन मुलगा आणि त्याचा लहान सावत्र भाऊ ग्रेग हे ‘द अननोन’ (अज्ञात) नावाच्या अरण्यात वाट चुकतात. बिअ‍ॅट्रिस नावाचा बोलका निळा पक्षी त्यांना वाट दाखवू लागतो. बिअ‍ॅट्रिस मुळात मानवी मुलगी असून शापामुळे पक्षी झालेली असते. अरण्यात ‘बीस्ट’ नावाचे श्वापद वावरते. जो आशा सोडतो त्याचे रूपांतर एडलवुड नावाच्या झाडात होते. एक वृद्ध लाकूडतोड्या ती झाडे तोडून त्यांच्या तेलावर एक कंदील तेवत ठेवतो, कारण आपल्या मुलीचा आत्मा त्या ज्योतीत आहे, असे बीस्टने त्याला पटवलेले असते. प्रत्यक्षात त्या ज्योतीत बीस्टचाच जीव असतो. हे दोघे भाऊ आजच्या काळातील असून हॅलोविनच्या रात्री दफनभूमीची भिंत ओलांडल्यावर ते तळ्यात पडले होते, हे नवव्या अध्यायात कळते.

नावे व शीर्षके यांतील संदर्भ

बिअ‍ॅट्रिस : इटालियन कवी दान्ते अलिगिएरी (१२६५–१३२१) याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यात याच नावाची स्त्री नायकाची मार्गदर्शक आहे. तीच व्हर्जिल या कवीला नायकाच्या मदतीला पाठवते आणि पुढे त्याला स्वर्गलोकातून नेते. मालिकेतील बिअ‍ॅट्रिसही मार्गदर्शक आहे, मात्र तिची भूमिका आरंभी उलटी आहे. स्वतःची व कुटुंबाची शापातून सुटका व्हावी म्हणून ती दोन्ही भावांना अ‍ॅडलेड या चेटकिणीच्या हवाली करायला निघालेली असते. पश्चात्तापानंतरच ती आपल्या नावाला जागते.

पॉट्सफील्ड : दुसऱ्या अध्यायातील या गावाचे रहिवासी भोपळ्यांचे पोशाख घालतात आणि सुगीचा उत्सव साजरा करतात. मत्तयकृत शुभवर्तमानात यहूदाने परत टाकलेल्या पैशांतून परक्यांना पुरण्यासाठी ‘कुंभाराचे शेत’ विकत घेतल्याची कथा आहे. तिच्यावरून इंग्रजीत ‘पॉटर्स फील्ड’ हा शब्दप्रयोग निराधार व अनोळखी मृतांच्या दफनभूमीसाठी रूढ झाला. गावाच्या नावात हाच शब्द दडलेला आहे. शिक्षा म्हणून खड्डा खणताना वर्टला सांगाडा सापडतो, तो उठून पोशाख चढवतो आणि गावकरी मृत आहेत हे स्पष्ट होते. गावप्रमुखाचे नाव ईनक आहे. मराठी बायबलमध्ये हनोख या नावाने येणाऱ्या या पुरुषाला मरण न येता देवाने नेले, असे उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितले आहे. मृतांच्या गावाला न मेलेल्या माणसाचे नाव असलेला प्रमुख लाभावा, हा या भागातील सूक्ष्म विनोद आहे.

बेब्ज इन द वुड : आठव्या अध्यायाचे हे शीर्षक सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापल्या गेलेल्या एका इंग्रजी कथागीताचे रूढ नाव आहे. त्यात अरण्यात सोडून दिलेली दोन भावंडे मरतात आणि पक्षी त्यांच्यावर पाने पांघरतात. ज्या अध्यायात वर्ट घरी पोहोचण्याची आशा सोडतो, त्यालाच हे शीर्षक दिलेले आहे. कथागीत ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला संकटाची कल्पना आधीच येते.

कथानकातील साम्ये

दान्तेचे अरण्य : ‘डिव्हाइन कॉमेडी’चा आरंभ नायक अंधाऱ्या रानात वाट चुकल्याच्या प्रसंगाने होतो. मालिकेचा आरंभही असाच आहे. महाकाव्यातील प्रवास गुड फ्रायडेच्या सुमारास घडतो, तर मालिकेतील प्रवास हॅलोविनला, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येला सुरू होतो. ‘नरक’ या खंडाच्या तेराव्या सर्गात आत्महत्या केलेल्यांचे आत्मे झाडे होऊन उभे आहेत व फांदी मोडताच त्यांतून रक्त आणि शब्द वाहतात. एडलवुडच्या झाडांची कल्पना या सर्गाच्या अगदी जवळ जाते. दान्तेचा नरक तळाशी बर्फाचा आहे. मालिकेचे शेवटचे अध्यायही हिमवादळात घडतात.

यात्रेकरू : चौथ्या अध्यायातील मद्यगृहात खाटीक, शिंपी, सुईण, वाटमाऱ्या असे लोक केवळ आपल्या धंद्याच्या नावाने ओळखले जातात. ही मांडणी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ची आठवण करून देते, कारण तेथील यात्रेकरूही व्यवसायावरून ओळखले जातात व त्यांचा प्रवास सराईतूनच सुरू होतो. मद्यगृहातील मंडळी वर्टला ‘यात्रेकरू’ ठरवतात. जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८) या रूपककथेचा नायकही यात्रेकरूच आहे.

गॉथिक कादंबरी : पाचव्या अध्यायात चहाचा धनाढ्य व्यापारी क्विन्सी एंडिकॉट याला आपल्या अवाढव्य वाड्यात भूत दिसते. ते भूत म्हणजे शेजारच्या वाड्याची मालकीण असल्याचे उघड होते. अद्भुताचा शेवटी लौकिक उलगडा करण्याची ही पद्धत अ‍ॅन रॅडक्लिफ हिच्या गॉथिक कादंबऱ्यांची ओळख मानली जाते. परंतु नवव्या अध्यायातील दफनभूमीत एका थडग्यावर एंडिकॉटचे नाव दिसते आणि आधीचा उलगडा पुन्हा संशयास्पद ठरतो.

परीकथा : सातव्या अध्यायात अरण्यातील झोपडी, भेसूर म्हातारी आणि कोवळी मुलगी लॉर्ना हे ग्रिम बंधूंच्या ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’सारखे साहित्य येते. येथे मात्र माणसे खाणारी शक्ती मुलीच्या अंगात असते आणि म्हातारी तिला आवर घालत असते. दहाव्या अध्यायात बीस्ट ग्रेगला लोककथांतल्यासारखी अशक्य कामे सांगतो. चांदीच्या धाग्यासाठी ग्रेग कोळ्याचे जाळे आणतो आणि सोन्याच्या कंगव्यासाठी मधाचे पोळे, कारण इंग्रजीत दोन्हींना ‘कोम’ हाच शब्द आहे. सूर्य पेल्यात उतरवण्यासाठी तो पेला समोर ठेवून सूर्यास्ताची वाट पाहतो. लोककथेत अशी युक्ती नायकाला वाचवते. येथे त्या प्रतीक्षेतच ग्रेग गारठतो आणि त्याचे झाड होऊ लागते.

निळा पक्षी : मॉरिस मेटरलिंक याच्या ‘द ब्लू बर्ड’ (प्रथम प्रयोग १९०८) या नाटकात दोन भावंडे सुखाचा निळा पक्षी शोधत मृतांच्या प्रदेशातही जातात आणि तो अखेर घरीच सापडतो. मालिकेतील भावांना निळा पक्षी आरंभीच भेटतो, त्यांना शोध असतो तो घराचा.

चित्रशैली

मालिकेच्या दृश्यांवर गुस्ताव्ह डोरे व जॉन टेनिएल यांच्या पुस्तकचित्रांचा आणि हॅलोविनच्या जुन्या भेटपत्रांचा प्रभाव आहे. डोरे याने दान्तेचे महाकाव्य, तर टेनिएलने ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ चित्रित केले होते.

संदर्भांचे कार्य

मूळ ग्रंथांत झाड झालेला आत्मा मुक्त होत नाही आणि अरण्यातली भावंडे परतत नाहीत. मालिका तीच चौकट घेते आणि शेवट बदलते. ग्रेगचा आत्मा कंदिलात ठेवून तो जपत राहावे, हा बीस्टचा प्रस्ताव वर्ट नाकारतो व भावाला फांद्यांतून सोडवतो. लाकूडतोड्या कंदील विझवतो. दोघे भाऊ रुग्णालयात शुद्धीवर येतात. सर्व स्वप्न असावे असे वाटत असतानाच, अरण्यात घंटा गिळलेल्या ग्रेगच्या बेडकाचे पोट उजळते.

संदर्भ न ओळखणाऱ्या बालकालाही ही कथा पूर्ण कळते. ते ओळखणाऱ्या प्रौढाला मात्र ही मुले मृत्यूच्या किती जवळ जाऊन आली, हे अधिक स्पष्ट दिसते.