हेन्रिएटा लॅक्स : उपदंशाची शंका आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

१/
जानेवारी १९५१. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तीस वर्षांच्या, पाच मुलांच्या आई हेन्रिएटा लॅक्स आल्या. पोटात गाठ आहे, हे त्यांना डॉक्टरांच्या आधीच जाणवले होते.

२/
तत्पूर्वी त्या स्थानिक डॉक्टरांकडे गेल्या होत्या. त्यांना पहिली शंका आली ती उपदंशाची. चाचणीत उपदंश आढळला नाही, तेव्हा त्यांनी हॉपकिन्सचा रस्ता दाखवला. अशा विकारांना मराठीत 'गुप्तरोग' म्हणतात. लपवणे हा जणू त्या रोगाच्या नावाचाच भाग आहे.

३/
डॉ. हॉवर्ड जोन्स यांना गर्भाशयमुखावर जांभळट, स्पर्श होताच रक्त येणारी गाठ दिसली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठी त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. अशी गाठ मात्र कधी पाहिली नव्हती. तुकडा तपासल्यावर कर्करोगाचे निदान झाले. हेन्रिएटा यांनी ते घरी सांगितले नाही, पतीलाही नाही.

४/
रेडियमच्या नळ्या गर्भाशयमुखाशी शिवण्यात आल्या. त्याच वेळी, न विचारता, पेशींचे नमुनेही घेतले गेले. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिलेल्या 'हेला' पेशी त्या याच. पुढे रोज क्ष-किरण. पोटाची कातडी काळी पडली.

५/
उपचार चालू असतानाच जळजळ आणि स्राव सुरू झाला. आता हा किरणांचा दाह, की संसर्ग? दोन्हींची लक्षणे एकमेकांत इतकी मिसळतात की रुग्णाला स्वतःला उलगडा होणे अवघड. डॉक्टरांनी किरणांच्या दाहाबरोबर परम्याचीही नोंद केली. पेनिसिलिनमुळे परमा तोवर बरा होऊ लागला होता. परंतु कर्करोगाच्या कागदांत हा शब्द वाचला जाताना त्या स्त्रीला काय वाटले असेल, हे कोणत्याही नोंदीत सापडत नाही. त्या काळी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कक्ष असलेल्या रुग्णालयात प्रश्न विचारण्याची मुभा तरी कितीशी असणार?

६/
नंतर त्या वेदनांची तक्रार करीत राहिल्या. तपासणीत रोग परतल्याचे दिसत नाही, असे लिहिले गेले. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, ३१ व्या वर्षी, त्या गेल्या.

७/
१९८० च्या दशकात जर्मन विषाणुशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला हेला पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार सापडला. हा विषाणू प्रामुख्याने शरीरसंबंधातून पसरतो. म्हणजे उपदंश नव्हता, तरी कर्करोगाच्या मुळाशी एक लैंगिक संसर्ग होताच; मात्र १९५१ साली तो कुणालाही ठाऊक नव्हता. आणि त्यावरून चारित्र्याचा निवाडा करणे निरर्थक आहे, कारण हा विषाणू बहुतेक प्रौढांना कधी ना कधी होतो आणि बहुधा आपोआप नाहीसा होतो. २००८ साली हाउझेन यांना नोबेल मिळाले. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणलेल्या 'सर्वाव्हॅक' लसीत याच १८ क्रमांकाच्या प्रकारापासून संरक्षण आहे.

८/
जे निदान त्यांनी पतीपासूनही लपवले, त्याचे कागद मात्र १९८० च्या दशकात एका पुस्तकात छापून आले. कुटुंबाची परवानगी कोणी घेतली नव्हती. २०१३ साली हेला पेशींचा जनुकीय आराखडाही असाच परस्पर प्रसिद्ध झाला. कुटुंबाने आक्षेप घेतल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेशी करार झाला. आता ती माहिती संशोधकांना द्यायची की नाही, हे ठरवणाऱ्या समितीत लॅक्स घराण्यातील सदस्य बसतात.